भालेरावांचा दिवा

दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी आमच्या शेजारच्या दारावर एक लाल पाटी लटकते : 'मशीन चालू आहे. दूर राहा.' नवा दूधवाला पहिल्यांदा ती वाचून त्यांची पिशवी माझ्या दारात टाकून पळाला होता. आत मशीन वगैरे काही नसतं. आत भालेराव असतात आणि कंगव्याहून थोडा मोठा असा एक दिवा असतो.

भालेराव नागापूरच्या एमआयडीसीत जन्मभर लेथवर टर्नर होते. रिटायर होताना लोक शाल घेतात, घड्याळ घेतात. यांनी मालकांकडे ही पाटी मागितली. कारखान्यातून आणखी एक गोष्ट त्यांच्याबरोबर घरी आली, ती मात्र न मागता. वर्षानुवर्षं मशीनच्या कूलंटमध्ये आणि तेलात भिजून त्यांच्या हातांची कातडी बिघडली. खाज, भेगा, खपल्या. मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी सावेडीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी अतिनील किरणांचा हा दिवा घरी वापरायला दिला. ठरलेल्या वारी, ठरवून दिलेले सेकंद, हातावर धरायचा. एका हातात दिवा घेऊन दुसऱ्यावर धरा, मग हात बदला. कुणालाही जमेल असं काम.

भालेरावांना ते पटलं नाही. "टूल आनि जॉब एकाच मानसाचं कसं चालंल, सर?" लेथवर कापायला लावलेला तुकडा म्हणजे जॉब; इथं त्यांचा हात म्हणजे जॉब. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना यांनी आपल्याच अधिकारात खोलीबाहेर काढलं. मुलगा पुण्याला. उरलो मी, शाळेतून निवृत्त झालेला, आणि भालेरावांच्या मते पूर्ण रिकामा.

तेव्हापासून मी ऑपरेटर आणि ते सुपरवायझर. दिव्याबरोबर आलेला गॉगल मला, त्यांच्या डोक्यावर वेल्डिंगचं हेल्मेट. दिवा आणि कातडी यांतलं अंतर ते व्हर्निअर कॅलिपरनं मोजतात. व्हर्निअर मी मुलांना शिकवलेला आहे, पण माणसाच्या बोटावर लावलेला तिथंच पाहिला. सेकंद संपेपर्यंत मी बोलायचं नाही, खोकायचं नाही. "बोललं की हात हालतोय. हात हालला की जॉब रिजेक्ट." एकदा मला शिंक आली, तेव्हा हेल्मेटच्या आतून जे ऐकू आलं ते मी इथं लिहीत नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यांच्या एका वाक्यानं माझं डोकं उठायचं.

"कुनाला लागत न्हाई बरं का हे."

हे ते गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला सांगत. भाजीवालीला सांगत. पाथर्डीच्या एसटीत तिकीट घेताना कंडक्टरला सांगत. समोरच्यानं विचारलेलं नसे, बिचाऱ्यानं हाताकडे पाहिलेलंही नसे. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाला त्यांनी हे सांगितलं आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. माझे मेहुणे पहिल्यांदा घरी आले, तेव्हा नमस्काराच्या आधी हे वाक्य.

"अहो भालेराव, विचारतंय कोण? तुम्ही सांगता म्हणून लोकांना शंका येते."

"सांगितल्यालं बरं असतंय, सर."

उन्हाळा लागला आणि त्यांची घाई सुरू झाली. "पौर्निमेपातूर जॉब निघाला पायजे." पौर्णिमा म्हणजे बुद्धपौर्णिमा. त्या दिवशी विहारासमोर खीरदान असतं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला खीर मिळते. मोठ्या पातेल्यापाशी वगराळं घेऊन वाढायला उभं राहायचं काम कितीतरी वर्षं भालेरावांकडे आहे. मी म्हणालो, "एक वर्ष दुसऱ्यानं वाढली तर खीर काय कडू होणार आहे?" ते व्हर्निअर पुसत बसले.

हात सुधारत होते, पण दिवा आपल्या गतीनं काम करत होता. पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी शेजारी लाल पाटी दिसली. मंगळवार हा दिव्याचा वार नव्हे. मी जाऊन दार वाजवलं, आतून कडी. संध्याकाळी वहिनींनीच हाक मारली. भालेरावांचे दोन्ही हात लाल झाले होते, सुजले होते, बोटं मिटत नव्हती.

"काय करून ठेवलंत हे?"

"डिलिव्हरीच्या आधी शेवटचा एक कट मारावाच लागतोय, सर."

मी त्यांना नको नको ते बोललो. रिक्षा करून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर माझ्यापेक्षा जास्त बोलले आणि त्यातलं निम्मं मलाच ऐकावं लागलं. आपण सांगेपर्यंत दिव्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद मिळाली.

परत आल्यावर मी वहिनींपाशी तणतणलो. एवढी कसली खिरीची घाई, ऐकत का नाही हा माणूस, सगळं बोललो. वहिनींनी भालेराव आतल्या खोलीत गेल्याचं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"मागल्या वर्षी एक बाई पोरीला घेऊन आल्ती. पोरीनं पेला पुढं केला, तर बाईनं तिचा हात मागं वढला. म्हनली, 'त्यांच्या हातचं नको.' चट्टे बघून म्हनली, दुसरं काय तिच्या मनात नसंल. पन सर, ह्यांच्या आईनं गावात ते वाक्य जन्मभर ऐकलं हुतं. ह्यांना वाटतंय, आपल्या हातांमुळं ते परत आलं."

बँकेच्या रांगेतलं त्यांचं ते सांगणं आठवलं आणि फार वाईट वाटलं.

पौर्णिमेपर्यंत भाजलेलं निवलं होतं, पण जुने चट्टे जिथल्या तिथं. मी विहारासमोर रांगेत उभा राहिलो. भालेराव पातेल्यापाशीच होते, हात पाठीमागे बांधून. वगराळं दुसऱ्या एका गृहस्थांकडे होतं आणि भालेराव त्यांना सोडत नव्हते. "तळातनं ढवळा. तांदूळ खाली बसतोय. पेला भरून द्या की." ते गृहस्थ माझ्याइतकेच वैतागलेले दिसले.

माझा नंबर आला. मी पेला भालेरावांपुढे धरला.

"तुम्ही वाढा."

"हात बघा की, सर."

"कधीपासून तेच बघतोय. आणखी किती बघू?"

रांग अडली. मागून एक बाई म्हणाल्या, "काय झालं?" मी वर्गात काढायचो त्या आवाजात सांगितलं, "काही नाही. मला यांच्या हातची हवी आहे."

भालेरावांनी हात पुढे आणले. वगराळं घेतलं. पेला भरताना थोडी खीर माझ्या बोटांवर सांडली. मी तिथंच उभा राहून प्यालो. मागच्या बाईंनी पेला पुढे केला तोही भालेरावांपुढेच. भालेरावांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. कुठलं वाक्य येणार ते मला ठाऊक होतं. पण ते थांबले आणि म्हणाले, "गोड झालीया का बघा, ताई."

मी निघालो तोच मागून आवाज आला.

"सर, पेला डब्यात टाका. आनि डॉक्टर म्हनलेत, पुढल्या सोमवारपासून लाईट चालू. गॉगल पुसून ठेवा."

गॉगल मी पुसून ठेवला आहे.