कॉमाचं कीर्तन

"उषा, उद्यापासून दुपारी तू मोकळी!" शंकररावांनी आरशासमोर उपरणं खांद्यावर टाकत जाहीर केलं. "इंग्रजीत दोन वाक्यं कशी जोडायची, एवढाच डेमो. अगं, हा विषय मी झोपेत शिकवलाय!"

"ते माहीत आहे. पोरंही झोपेतच शिकली," उषाताई म्हणाल्या. पण मनातून त्यांनी देवापुढे केव्हाच साखर ठेवली होती.

कारण शाळेतून निवृत्त झाल्यापासून शंकरराव अख्खी दुपार घरात असत आणि उषाताईंच्या जगण्याला विरामचिन्हं देत असत. परवा तर हद्दच झाली. दूधवाल्याला 'टुडे नो मिल्क' असा मेसेज करायचा होता. त्यापुढे कारण जोडायचं तर 'बिकॉज' लावावा की सेमिकोलन, याचा यांनी इतका विचार केला, की दूधवाला दूध ओतून पुढच्या गल्लीत गेलासुद्धा! तेव्हा सुदामा नगरातल्या नीरजच्या कोचिंग क्लासला इंग्रजीचे सर हवेत हे कळताच अर्ज शंकररावांनी केला आणि नवस उषाताईंनी बोलला.

शंकररावांना एकच व्यसन: कीर्तन. आणि आम्हा कीर्तनवेड्यांची खोड अशी, की दोन माणसं समोर बसलेली दिसली की ती श्रोते वाटतात! व्याकरण गाऊनच शिकवायचं, हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

रिकाम्या बाकांसमोर नवरा खचेल, म्हणून डेमोच्या वेळी उषाताईंनी आपलं भजनी मंडळ क्लासच्या मागच्या रांगेत आणून बसवलं. बायका तिथूनच भजनाला जायच्या होत्या, त्यामुळे पिशव्यांत झांजा होत्याच.

"सज्जनहो!" शंकररावांनी सुरुवात केली.

बस्स! मागच्या रांगेत वसुधाताई ताडकन उठल्या. कीर्तनाला उभा राहिलेला माणूस नारदाच्या गादीवर असतो, मग तो वयानं लहान असो की शेजारचा शंकरराव असो. त्याच्या पाया पडायचंच! वसुधाताई पडल्या. त्यांच्यामागून सगळं मंडळ पडलं. ते बघून पहिल्या बाकावरचा ऋग्वेद शेजाऱ्याला म्हणाला, "भिया, पाँव छूने के भी मार्क्स हैं क्या?"

शेजाऱ्यानं धोका पत्करला नाही. सगळा वर्ग रांगेत उभा राहिला!

इथंच शंकररावांनी "अहो, हा क्लास आहे" असं म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्याला मुलांनी नुसते खडू मारले, त्याच्या पायावर एकदम एवढी डोकी! त्यांनी डोळे मिटून सगळ्यांना आशीर्वाद दिले.

"दोन पूर्ण वाक्यं म्हणजे एका घरातल्या दोन जावा," ते सुरात आले. "मध्ये नुसता कॉमा टाकलात, म्हणजे नुसता पडदा लावलात! भागेल का?"

"कशाचं भागतंय!" मंडळ अनुभवानं ओरडलं.

"मग पडद्याबरोबर एक सासूबाई उभ्या करा. अँड, बट, सो! सासूबाई नको असतील, तर सेमिकोलनची भिंत घाला. पलीकडचं ऐकू येतं, पण भांडण होत नाही. तेही नको? फुलस्टॉप द्या आणि वेगळी चूल मांडा!"

झण्ण! झांजा वाजल्या. पोरं बाकं बडवायला लागली. शंकररावांचा देह सुदामा नगरात राहिला आणि ते स्वतः दोन बोटं वर गेले.

मग उत्तररंग! आख्यान त्यांनी रात्रीच रचलं होतं: एक भाविक नावाडी, आजारी बायको, पूर आलेली नदी आणि पलीकडे वैद्य. "द बोट वॉज स्मॉल, बट द रिव्हर वॉज बिग!" (झांज.) "ही वॉज अफ्रेड, सो ही कॉल्ड गॉड!" (झांज, आणि वसुधाताईंचा हुंदका.)

तेवढ्यात घंटा झाली. पुढचा तास गणिताचा. देवेंद्र सर आपली बॅच घेऊन दारात उभे राहिले, तशी इकडची पोरं उठायला लागली.

"खाली बस!" वसुधाताईंनी ऋग्वेदला खांद्याला धरून दाबलं. "कीर्तनातून मध्येच उठत नाहीत! आणि तुम्ही हो, चपला बाहेर!"

देवेंद्र सरांनी मुकाट्यानं चपला काढल्या. गणिताची बॅचही बाकांपुढे जमिनीवर बसली. मागून नीरज आला आणि मनगटावर बोट आपटायला लागला.

शंकररावांना ते दिसलं. समजलंही. पण नाव भर पुरात होती! बुडत्या माणसाला तसंच सोडून नोकरी मागायची? त्यांनी आणखी एक अभंग म्हटला. नाव काठाला लागली, तर आरतीशिवाय कीर्तन संपवायचं कसं? ती अडचण वरच्या मजल्यावरून सुटली. झांजा ऐकून नीरजच्या आई तबक घेऊन खाली आल्या होत्या!

आरती झाली, खडीसाखर वाटली आणि शंकरराव घाम पुसत नीरजसमोर उभे राहिले.

"तुमच्या मुलांना समजलं की नाही, विचारा!"

नीरजनं ऋग्वेदला उभं केलं. "चल, दो सेंटेन्स जोडून दाखव."

ऋग्वेद क्षणभरही अडखळला नाही. "सर वॉज सिंगिंग, कॉमा, बट वी वेअर हंग्री!"

"बघा!" शंकरराव गहिवरले.

"मजा आ गया, सर!" नीरजनं हात जोडले. "पण क्या है, कोर्स साल भरात संपवायचा आहे. तुमची एक नदी पार होईपर्यंत आमचं गणित बुडालं. देवेंद्र सर अजून रडतायत."

देवेंद्र सर खरंच डोळे पुसत होते. गणितासाठी नाही, नावाड्यासाठी.

शंकररावांचा चेहरा पडला. मागे उषाताईंचा त्याहून जास्त पडला.

"अरे, पर मास्तरजींना असं कसं सोडतो?" नीरजच्या आई पुढे झाल्या. "दर गुरुवारी संध्याकाळी आपल्या घरी यांचं कीर्तन! नाही म्हणू नका हं."

शंकरराव पुन्हा दोन बोटं वर गेले. क्लास गेला तर गेला, गादी मिळाली! "ऐकलंस, उषा? दर आठवड्याला नवं आख्यान! म्हणजे आता रोज दुपारी घरात तालीम करावी लागणार. झांज तू धरायचीस!"

उषाताईंनी पदर सावरला, नीरजला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, "नीरज, तुमच्याकडे दुपारचं काही काम असेल का हो? मला झाडलोटसुद्धा चालेल."