कालव्यातला पंप

"या रविवारी पंपाचा निकाल लावतो की नाही बघ!" लिसफर्डने बायकोला, एर्मिनाला, बजावलं.

पनामाच्या कालव्यावर, जहाजं पाण्याने वर उचलणाऱ्या हौदांची दारं बत्तीस वर्षं उघड-मिट करून तो निवृत्त झाला होता. त्यांच्याच घरी राहणारे सासरे कथबर्ट जन्मभर बेकरीत पाव भाजत आलेले. तरी दर रविवारी म्हातारा ठणकावायचा, "एवढं जहाज वर चढवायचं म्हणजे खाली पंप हवाच! माझं पीठसुद्धा आपोआप फुगत नाही."

"वरच्या तळ्याचं पाणी आपसूक उतारानं येतं हो, पपा!" लिसफर्ड ओरडायचा. अशी तीस वर्षं!

आता नकाशे-आकड्यांचं पुस्तकच हवं होतं. दुकानातली कालव्यावरची सगळी पुस्तकं पुढाऱ्यांची आणि तापाच्या डासांची! पाणी कुठल्या नळातून येतं, हे एक सांगेल तर शपथ. शेवटी न्हाव्याने पत्ता दिला : ओदेरायबाई, जळालेल्या सिनेमासमोर. कोलोन शहरात पत्ते असेच, नसलेल्या गोष्टींवरून. त्यात जळालेले सिनेमे दोन! चुकीच्या राखेसमोरची तीन दारं ठोठावून, एका कुत्र्याकडून विजार फाडून घेऊन लिसफर्ड पोचला.

"आहे ना पुस्तक! फ्रिजच्या पायाखाली," बाई म्हणाल्या. "खुशाल न्या. फक्त फ्रिज हलता कामा नये."

फ्रिज हलला. वरचं कोंबडीच्या सूपाचं पातेलं लिसफर्डच्या डोक्यावर आलं. पुस्तकाला थेंब लागला नाही! कानातला मक्याचा दाणा काढत त्याने तिथेच चित्र उघडलं. नळ, भोकं, झडपा. पंप नाही! तो जवळजवळ नाचतच घरी आला.

दारात एर्मिना. डोळे लाल. "अहो, हळू. डॉक्टर येऊन गेले. पपांचं हृदय फार थकलंय. वाद घालू नका म्हणाले."

लिसफर्ड पपांच्या खाटेजवळ बसला.

"काय जावईबापू, सूपात पोहून आलात? मिळालं पुस्तक?"

"मिळालं, पपा." त्याने पान उघडलं, घसा खाकरला. "पंप आहे. चांगला मोठा. तुमचंच बरोबर होतं."

म्हाताऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"एर्मिना!" तो किंचाळला. "डॉक्टर काय म्हणाला, खरं सांग! किती दिवस उरलेत माझे? हा कबूल करतोय!"

"नाही हो!" लिसफर्डची गाळण उडाली. "कुठला पंप? एकही नाही! डोकं फिरलंय तुमचं, पपा!"

म्हाताऱ्याने मोठा सुस्कारा सोडला आणि उशीला टेकून बसला.

"असं बोल, गाढवा! घाबरवलंस उगाच. आण इकडे ते चित्र. कुठल्या शहाण्याने काढलंय, बघू!"