तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं लग्न

वैजंती उंबरसाडाचं नवं गाणं शेजारी शेजारी बसून ऐकलेली तीन हजार दोनशे सहा माणसं मार्चअखेर एकमेकांशी अर्धी विवाहित झाली. त्यांत वैजंती स्वतःही होती आणि त्यामुळे तिचं डोकं उठलं होतं.

गाणं लग्नाचं होतं. वारल्यांची लग्नं धवलेरी लावते. ती गाते आणि गाता गाता लग्न लागतं. वैजंतीची जिवीआत्या तलासरीकडची नावाजलेली धवलेरी. वैजंतीने आत्याचा आवाज रेकॉर्ड केला, खाली सिंथेसायझर घातला, ठोका चढवला, स्वतःचा आवाज मिसळला आणि चार तासांचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर आणलं. मिक्सिंगच्या वेळी ती आणि ध्वनिमुद्रक सौमित्र प्रधान एकाच बाकावर बसून ते दोनशे बारा वेळा ऐकत होते. सौमित्र कामात चोख होता, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कळतंय ना?" म्हणायचा. अशा माणसाशी अर्धं लग्नसुद्धा फार होतं. शिवाय नऊ मेला तिचं जयराम धोडीशी लग्न ठरलेलं होतं.

विवाह नोंदणी कार्यालयातल्या खानविलकरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दुसरं लग्न आत्ता करता येणार नाही," ते म्हणाले. "पहिलं सुरू आहे."

"मग ते मोडा."

"पूर्ण झालेलं मोडता येतं, बाई. अपूर्ण कसं मोडणार?"

"अहो, दोनशे बारा वेळा झालंय ते!"

"पहिल्यांदाचं धरतात. बाकी पुनरावृत्ती."

बाहेर बाकावर एक दंतवैद्य बाई आणि बसमध्ये तिच्याशेजारी बसून गाणं ऐकलेला एक निवृत्त पोस्टमास्तर एकमेकांकडे पाठ करून बसले होते. वैजंतीला पाहताच दोघांनीही तोंड उघडलं. ती मागच्या दाराने निघाली आणि थेट आत्याकडे गेली.

"आत्या, तू उलटं गा. नाहीतर मीच कॉम्प्युटरवर उलटं वाजवते."

"वाजव. मी लावलेली सगळी लग्नं मोडतील. तुझ्या आईबापाचंही." आत्या तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. "अरधं कापून कोणी लोकांत सोडतं का गं?"

"चार तास कोण ऐकतं आता?"

"लगीन करणारे ऐकतात."

वैजंती आणखीच चिडली.

शेवटी वाट आत्यानेच काढली. उरलेलं गाणं ज्याच्याशेजारी बसून ऐकावं, त्याच्याशी उरलेलं लग्न लागतं. खानविलकरांनी पुस्तक उघडून पाहिलं आणि हे नियमात बसतं असं सांगितलं. वराच्या रकान्यात दोन नावं येणार होती: तीन मिनिटं चाळीस सेकंदांपर्यंत प्रधान, त्यापुढे धोडी. सौमित्रचं उरलेलं अर्धं त्याचं त्याने बघायचं होतं.

जयरामने दोनदा वाचून सही केली. "चालेल," तो म्हणाला. "राहायचं तर पुढेच आहे."

वैजंतीला तो इतका आवडला की तिने खानविलकरांसमोरच त्याचा हात धरला.

नऊ मेला मांडवात दोघं पाटावर बसली. सौमित्रला हजर राहणं भाग होतं. तो मागे उभा होता आणि त्याला बोलायची मनाई होती. जयरामच्या बहिणीने हळदीची वाटी आणली. जयरामने डोळे मिटून गाल पुढे केला.

"ते झालं," आत्या म्हणाली.

"कोणाचं झालं?" जयरामने डोळे उघडून विचारलं.

आत्याने हनुवटीने मागे दाखवलं. "त्याचं. तुझं त्यापुढचं."

बहीण वाटी घेऊन तशीच उभी राहिली. वैजंतीला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. हळदीच्या ओळी ठोक्यात छान बसतात म्हणून तिनेच त्या आपल्या गाण्यात घेतल्या होत्या.

जयरामने गाल मागे घेतला. आत्याने घसा खाकरला आणि पुढचं गाणं सुरू केलं.