बापूजींना भूक लावण्याचा प्रयोग

मी समुद्रपूरच्या एका कार्यालयात कारकून. मागच्या महिन्यात आम्हाला प्रेरणा या विषयावर ट्रेनिंग झालं. (आमची प्रेरणा म्हणजे दुपारचं फुकट जेवण.) सरांनी फळ्यावर मोठा त्रिकोण काढला. तळाला भूक, तिच्यावर सुरक्षितता, मग माया, मग मानसन्मान. खालचं भागल्याशिवाय माणूस वर चढत नाही, म्हणाले. मला घरचा प्रश्न तिथेच सुटल्यासारखा वाटला.

आई गेल्यावर माझे वडील, बापूजी, केळझरहून आमच्याकडे राहायला आले, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून अर्धी भाकर खाऊन उठायचे. सदरा खांद्यावरून घसरायला लागला होता. माझी बायको सरिता रोज त्यांच्या आवडीचं करून थकली. त्यात रविवारी संध्याकाळच्या एसटीने गावी परत जातो, असं त्यांनी जाहीर केलं. तिकडे एकटा माणूस ती अर्धी भाकर तरी खाईल का, या विचाराने माझी झोप उडाली होती.

आपण त्यांना भूकच लागू देत नाही, असं मी सरिताला समजावलं आणि रविवारी सकाळपासून चहा-नाश्ता बंद केला. बापूजी स्वतः 'वाढा' म्हणेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही.

"आन् तुमाले जमन?" सरिताने विचारलं.

मी नुसता हसलो. (ट्रेनिंग झालेला माणूस.)

बारा वाजले. बापूजी निवांत पेपर वाचत होते. एक वाजता मला त्याच पेपरातली अक्षरं हलताना दिसू लागली. दीडला मी गुपचूप स्वयंपाकघरात शिरलो आणि उभ्या उभ्या पातोडीच्या रश्श्यात भाकर बुडवली. तोंड गच्च भरलेलं, आणि दारात बापूजी.

"काऊन रे, उपाशी होता? मले सांगाचं ना."

त्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं, सरितालाही बसवलं, धोतर खोचलं आणि वाढायला घेतलं. तेव्हा मला आठवलं. गावात कोणाचीही पंगत असो, वाढायला बापूजी असायचेच, आणि जेवायचे सगळ्यांच्या शेवटी. आम्ही मात्र दोन महिने त्यांना पाहुण्यासारखं पहिल्या ताटावर बसवत होतो. मला बळेबळे तिसरी भाकर वाढून ते स्वतः बसले आणि चक्क अडीच भाकरी जेवले. सरांचा त्रिकोण आमच्या घरात डोक्यावर उभा राहिला होता. सरिताने डोळे पुसले. मलाही भरून आलं. (रस्सा तिखट झालाय, असं मी सांगितलं.)

संध्याकाळची एसटी गेली तरी बापूजी घरातच. प्रयोग शेवटी माझाच, म्हणून मी ऐटीत अंगणात आलो. ते फोनवर गावच्या शेजाऱ्याला, कवडूला, सांगत होते, "आता नाई येत बाप्पा. पोरगं बावन्न वर्षांचं झालं, पन त्याले अजून भूक धरवत नाई. चोरून खाऊन राह्यला. त्याच्याजवळ कोनी पायजे."