माणिकरावांच्या स्वयंपाकघरातली वाट

आमचे शेजारी माणिकराव स्वतःच्या स्वयंपाकघरात एकटे असले तरी वाट सोडायचे. हातातली परात पोटाशी धरायची, पाठ भिंतीला लावायची, एक पाय मोरीत ठेवायचा आणि समोरचं माणूस जाईपर्यंत तसंच उभं राहायचं. समोर कुणी नसायचं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते, नाहीतर असल्या गोष्टी मी कुणाच्या तोंडून ऐकूनसुद्धा घेत नाही.

आता ते स्वयंपाकघर आधी समजून घ्या. हैदराबादेत बरकतपुऱ्यातलं आमचं आणि त्यांचं घर मुळात एकच. मालकाला दोन भाडेकरू हवे होते, म्हणून त्यानं मधे फळ्यांची भिंत ठोकली, ती नेमकी स्वयंपाकघरातून. खिडकी आणि फडताळ माझ्याकडे आलं. माणिकरावांच्या वाट्याला आला एक बोळ, आणि बोळाच्या मधोमध दगडी खांब. दाराशी मोरी, पार टोकाला चूल. दोन माणसं समोरासमोर आली की एकानं मोरीत उतरायचं, दुसरा इलाज नाही.

हा नियम अक्काचा, म्हणजे माणिकरावांच्या थोरल्या बहिणीचा. अक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. आई गेल्यावर तिनंच माणिकरावांना वाढवलं, आणि शेती चुलत्यांवर सोडून ते हैदराबादेत कारकून झाले तेव्हा पाठोपाठ तीही आली. "गरम आधी, गार मागून" हा तिचा कायदा. ज्याच्या हातात गरम भांडं, त्याला वाट. माणिकरावांनी लग्न केलं नाही. "तिसरं माणूस उभं कुठं राहणार, वहिनी?" असं ते मला विचारायचे.

अक्काला मी कधी पाहिलं नाही. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी फळ्यांपलीकडून आवाज आला, "अक्का, गरम हाय गं. सरक." मग जरा सामसूम, एक माणूस खांबाला वळसा घालील एवढीच. मग पावलं. मला वाटलं, चला, शेजारी बाई आहे, बरं झालं. चैत्रात हौसेनं हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेले.

माणिकराव दारात आले. म्हणाले, "अक्का यायची न्हाई, वहिनी. ती विधवा हाय." मग थोडा विचार करून म्हणाले, "आणि वारली बी हाय. दोन वर्षं झाली."

अगदी याच क्रमानं सांगितलं हो! मी हातातली कुंकवाची कोयरी सांभाळत घरी आले.

त्यांच्याकडे प्रत्येक वस्तू दोन-दोन. दोन सांडश्या, दोन उलथणी, दोन झारे. एक खांबाच्या अलीकडच्या खिळ्याला, एक पलीकडच्या. उगीच कुणाला ओलांडून हात घालायला नको. "सगळा इंतजाम हाय," ते कौतुकानं दाखवायचे. ते स्वतः कायम अलीकडची सांडशी वापरायचे, ती काळी पडली होती. पलीकडची लख्ख होती. ती कोण घासतं, हे मी विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी मी वाटीभर अंबाडीची भाजी द्यायला गेले. "चुलीवरचं दूध जरा बघा, एवढी घागर भरून आणतो," म्हणून ते नळावर गेले. दूध वर आलं, ते मी उतरवून खाली ठेवलं आणि रिकाम्या हातानं मागे वळले. खांबाला वळसा घालून दाराशी आले आणि माझा पाय आपसूक मोरीत गेला. मी ठेवला नाही, गेला. पाठ भिंतीला लागली. गालाला ऊब लागली, तव्यावरची भाकरी घेऊन कुणी अगदी जवळून गेलं की लागते तशी. बाहेर नळाचा आवाज चालूच होता.

घरी येऊन लुगडं बदललं, काठ भिजला होता. कुणाला काही बोलले नाही. मी! न बोलणं मला किती जड जातं ते आमच्या ह्यांना विचारा.

मग छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायची वेळ आली. मराठी जिल्हे मुंबईकडे जाणार होते. ह्यांची आणि माणिकरावांची कचेरी एकच. तिथल्या मराठी लोकांना विचारलं, जाता की राहता? आम्ही लगेच लिहून दिलं, औरंगाबाद. माणिकरावांना तर तिकडे हेडक्लार्कची जागा मिळणार होती आणि वर सरकारी क्वार्टर. राहिले तर आहे ती खुर्ची टिकेल याचीही खात्री नव्हती, आणि पन्नाशीत तेलुगू शिकायची. जन्मभर उर्दूत कागद लिहिलेला माणूस. तरी ते सही करीनात. शेवटच्या दिवशी सकाळी ह्यांनी माणिकरावांचा संमतीचा कागद माझ्या हातात दिला. "तू जा. तुझ्या तोंडाला माणसं भितात."

गेले. उंबऱ्यातूनच मी सुरू झाले. "माणिकराव, पुरे झाला वेडेपणा. तिकडचं स्वयंपाकघर केवढं आहे, माहीत आहे का? ह्यांनी बघितलंय. चार बायका फेर धरतील. खांब नाही, मोरी बाहेर."

"त्येच तर," ते म्हणाले.

"काय तेच तर?"

त्यांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हितं उभं राहायला जागाच दोन, वहिनी. मी हितं असलो की ती तिथं. बघावं लागत न्हाई. तिकडं एवढ्या मोठ्या खोलीत ती कुठं उभी हाय, हे मला कसं कळावं? कुणीकडं तोंड करून बोलू?"

भांडायला आलेली मी, मला रडू फुटलं. पदर तोंडाला लावून तशीच परत फिरले.

"झाली सही?" ह्यांनी विचारलं.

"नाही. आणि आता परत त्यांना विचारायचं नाही."

"अगं, पण का?"

"त्यांच्या बहिणीला इथलीच सवय आहे."

मी कागद ह्यांच्या हातात दिला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.