राउटरचा धीर

टेबलावरचा फोन थरथरला, शेजारची स्टीलची वाटी किणकिणली आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं. दवाखान्यातून तिच्या नवऱ्याचा व्हिडिओ कॉल होता. "फोन बाबांच्या समोर टेकवून ठेवतोय. मी खाली औषधं आणायला चाललोय. डॉक्टर म्हणाले, आईला जे बोलायचंय ते आजच बोलू दे."

गुडघ्यांमुळे सासूबाईंना दवाखान्यात जाता येत नव्हतं. सासऱ्यांना नेलं त्याच सकाळी गादीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून सासूबाईंनी त्यांना फैलावर घेतलं होतं. ते आपलं शेवटचं बोलणं ठरू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण बोलणार ते सासऱ्यांच्याच खाटेवर बसून.

"त्यांना त्यांची खोली दिसली पाहिजे."

खोली सगळ्यात आत, वायफायचा राउटर बाहेरच्या खोलीत, आणि मधे दाराशी लोखंडी कपाट. फोन आत नेताच पडद्यावर सासऱ्यांच्या चेहऱ्याचे चौकोन झाले.

"राउटरने वेग उतरवला," दीर म्हणाला. नेटवर्किंगचा कोर्स त्याने अर्ध्यात सोडला होता. आत्मविश्वास मात्र पुरता घेऊन आला होता. "पलीकडे नीट पोचत नाहीये असं कळलं की तो सावकाश बोलायला लागतो. आपणहून."

"मग त्याला सांग, इथे कोणी बहिरं नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"कपाट आडवं येतंय. सरकवावं लागेल."

भरलेलं कपाट हलेना. म्हणून तिने ते रिकामं केलं. कपडे खाटेवर गेले आणि सासूबाई स्वेटरांत गळ्यापर्यंत बुडाल्या. मग दिराने बाहेरून असा काही जोर लावला, की कपाट दारातच तिरपं होऊन रुतलं. आता तो बाहेर, सासूबाई, ती आणि तिची छोटी लेक चिमणी आत, आणि मधे नुसतं लोखंड. चौकोन आणखी मोठे झाले.

"आता काय, भावजी?"

"थांबा वहिनी, राउटरच वरून आत धरतो."

कपाटाच्या माथ्यावरून राउटर धरलेला एक हात आत आला. वायर तेवढीच पुरली.

"वाढला का वेग?" सासूबाईंनी विचारलं.

"एकदम नाही वाढवत तो. चाचपत चाचपत वर जातो. जरा धीर धर."

"अगदी तुझ्या बापासारखा."

"आई, खांदा निखळतोय माझा. लवकर बोल."

हळूहळू चौकोन बारीक झाले, विरघळले. सासऱ्यांच्या दाढीचे पांढरे खुंटही दिसू लागले, उशाशी टांगलेली सलाइनची बाटलीही. इतकं स्वच्छ चित्र त्या घरात कधी आलं नव्हतं. सासरे मात्र हलत नव्हते.

"अडकलं वाटतं पुन्हा," सासूबाई म्हणाल्या.

"चित्र अडकलं तरी आवाज जातो. तू बोलत राहा," हात म्हणाला.

सासूबाईंनी स्वेटर बाजूला सारले, पदर सारखा केला. "अहो, टॉवेलचं मनावर घेऊ नका. घरी या आणि टाका कुठे टाकायचा तिथे. मी उचलीन."

तिने तोंड फिरवून डोळे पुसले. तिच्या कडेवरची चिमणी पडद्याच्या अगदी जवळ वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"आई, चित्र कुठे अडकलंय? त्या बाटलीतले थेंब तर पडतायत."

चिमणीने आईची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली.

"मग आजोबाच का अडकलेत?"