परबकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगची लिफ्ट नुसतं बटण दाबून वर जात नाही. परबकाका आत असतील तर आधी गाऱ्हाणं होतं. कोकणात देवापुढे एकजण मागणं मांडतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, तेच.

"बा देवा म्हाराजा, ही लिफ्ट मधीच अडाकता, ती आज वरपर्यंत जांव दे रे म्हाराजा."

मग काका बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहतात. मी "व्हय म्हाराजा" म्हणेपर्यंत दाबत नाहीत. ऑफिसमधून दमून आलेली मी मुकाट्याने म्हणते.

पाण्याच्या टाकीसाठी गाऱ्हाणं, इंटरनेटसाठी गाऱ्हाणं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी सेक्रेटरीला सद्बुद्धी मागितली, तर सेक्रेटरीही सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणून बसले.

मी रॅप करते. काकांच्या शेजारच्याच घरात, कपाटात गाद्या लावून रेकॉर्डिंग करते. त्या वेळी एक चिडकं गाणं चाललं होतं. खड्डे, घरभाडं, बॉस, सगळ्यांना धुतलं होतं. पण प्रत्येक टेकमध्ये भिंतीपलीकडून काका. वैतागून भिंतीवर बुक्की मारली. त्यांना वाटलं मी होकार दिला. पुढचं मागणं आणखी जोरात आलं.

शेवटी त्यांच्या दारात गेले. "काका, रेकॉर्डिंग चालू आहे ना माझं."

"मघापासना कोणाशी भांडतंस?"

"गाणं आहे ते."

"मगे त्येका व्हय कोण म्हणता?"

मी पाय आपटत परत आले. आणि चिडूनच टेकमध्ये घुसलेला त्यांचा तो आवाज बीटवर टाकून पाहिला. चपखल बसला, याचाच जास्त राग आला. पुढच्या रविवारी माइक गच्चीवर नेला. काकांनी खड्ड्यांसाठी गाऱ्हाणं घातलं, अख्ख्या बिल्डिंगने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि माझ्या रागाची पार वाट लागली. गाणं नाचरं झालं. हळदीला वाजायला लागलं. काका वॉचमनला सांगायचे, "म्युझिक आमचाच."

मग एकदा फोनवर ते गाणं लावून आले. "बाय, ह्यातना माझो आवाज काढ."

"काका, लोकांना तोच आवडतो. तो काढला तर उरणार काय?"

"तुमी सगळी उरतलास." मग फोनकडे बघत म्हणाले, "सांजेक दिवो लावून गाऱ्हाणा घालतंय. तुझी काकी होती तेव्हा ती व्हय म्हणायची."

मी लॅपटॉप उघडून त्यांचा आवाज काढून दिला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे काका एकेक मागणं मागतात आणि फोनमधली बिल्डिंग त्यांना होकार देते. माझे टेक अजूनही वाया जातात.

काल त्यांच्या फोनची बॅटरी संपली असावी. पहिलं मागणं झालं आणि पलीकडे सगळं गप्प. मी हेडफोन काढला, भिंतीजवळ गेले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पुढचं मागणं आलं. शेजारच्या चेडवाचं नवीन गाणं चालू दे, म्हणून. त्यालाही मीच व्हय म्हटलं.